आत्याचा हक्क

देश सोडून एकटी निघून गेलेल्या बाईबद्दल लोकांची एक पक्की समजूत असते, की घरी तिचा छळ झाला असणार. माझ्या नव्या ओळखीच्या बायका, आपल्या असोत की परक्या, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आवाज खाली आणून विचारतातच, "घरी फार त्रास होता का हो?" म्हणून आधीच सांगून टाकते. मला घरात कोणी बोट लावलं नाही. पोटाला कधी कमी पडलं नाही. शिकू नको असं कोणी म्हटलं नाही. उलट सगळ्यांचा माझ्यावर जीव होता, आणि सगळा घोळ तिथेच होता. छळ असेल तर माणूस मागच्या दारानं पळून जातं, कोणी नावं ठेवत नाही. जीव लावणाऱ्यांच्या घरातून विचारूनच निघावं लागतं. आणि माझ्या बाबतीत विचारायचं ते बाबांना नव्हतं, आईलाही नव्हतं. विचारायचं होतं हट्टा गावच्या आत्याला.

आताच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमचं घर रेल्वे फाटकाच्या अलीकडे होतं. बाबा जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कारकून. सकाळी डोळे उघडायच्या आधी आरामशीनचा आवाज कानात यायचा, मग आईच्या तव्यावर आयत्याचं पीठ पडल्याचा चर्र आवाज, आणि त्यानंतर छोट्या गाडीची शिट्टी. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी. आई ती जवसाच्या चटणीबरोबर द्यायची, आणि चटणी इतकी तिखट की नाक पुसत पुसत शाळेत जावं लागे. दुपारी भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. रात्री भात आणि उरलेलं वरण. तक्रार केली तर आई म्हणे, "धानाच्या मुलखात जन्माले आली, तं गहू कोण देईन तुले?" उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याच्या बाहेर हिंदी. राज्य बदललं, नागपूर आमचं राहिलं नाही, भोपाळ आमचं झालं, पण आईच्या चुलीपर्यंत ती बातमी शेवटपर्यंत पोचली नाही. शेजारच्या शुक्लाइन चाचीशी ती हिंदीत बोलायची म्हणजे मराठीच बोलायची, फक्त शेवटी 'है' लावायची. चाचीला सगळं समजायचं. चाचीला न समजणारी गोष्ट आमच्या मोहल्ल्यात घडतच नव्हती.

त्या काळी घराबाहेर पाऊल टाकलं की कोणीतरी विचारायचंच, "कुठी चालली वो?" फाटकावरचा चौकीदार विचारायचा, पानवाला हिंदीत विचारायचा, समोरून येणारी ओळखीची बाई विचारायची, ओळख नसलेलीही विचारायची. यात वाईट काही नव्हतं, आमच्याकडे रामराम म्हणायची तीच रीत आहे. मुलगा असेल तर "इथंच" म्हणून पुढे जातो. मुलीचं "इथंच" कोणाला पुरत नाही. मी नागपूरला वसतिगृहात राहून बी. एस्सी. केलं, बी. एड. केलं, परत येऊन मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागले, वर्गातल्या पोरी मला बघून उभ्या राहायच्या, तरी वैनगंगेवर एकटीनं संध्याकाळी जाऊन बसायची माझी टाप नव्हती. एकदा शाळा लवकर सुटली. मला काय सुचलं कोण जाणे, स्टेशनवर गेले, बाकावर बसले आणि चहा घेऊन प्यायले. बस्स, तेवढंच. गाडी आली, गेली, मी बसून होते. फार बरं वाटलं. घरी पोचले तर आई दारात. "कोणाची वाट पाहून राह्यली होती तू टेसनावर?" मी म्हटलं, कोणाचीच नाही, चहा पीत होते. आई म्हणाली, "चहा घरी नव्हता काय?" चहा घरी होताच की.

आता हसू येतं ते यासाठी, की एकटीनं चहा पिता यावा म्हणून मी ज्या देशात गेले, तिथं कॉफी एकटीनं प्यायची पद्धतच नाही. इथिओपियात शेजारीण घरीच कॉफीचे दाणे भाजते, धूप जाळते आणि आळीतल्या बायांना हाका मारते. एकीमागून एक तीन फेऱ्या होईपर्यंत उठता येत नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, झालं, मी पुन्हा बालाघाटातच आले. पण फरक होता. न जाण्याची मला मुभा होती. मी गेले तर जागा करून द्यायच्या, नाही गेले तर दुसऱ्या दिवशी कोणी जाब विचारत नव्हतं. हा फरक ज्याला लहान वाटतो, त्यानं तो कधी मागितलेला नसतो.

पण मी आत्याकडे यायला हवं. आत्या बाबांची मोठी बहीण. आई-बाप लवकर गेले तेव्हा बाबा रांगत होते. त्यांना तिनं कडेवर वाढवलं, लग्न होऊन हट्ट्याला गेली तेव्हा बरोबर घेऊन गेली, नवऱ्याच्या घरी राबून शाळेत घातलं. पुढे तिचा नवरा वारला, दौलत नावाचा एकुलता एक मुलगा मागे राहिला, आणि दहा लोकांनी दहा सल्ले दिले तरी ती धानाची शेती स्वतःच करत राहिली. आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या गावातला गडी वळून बघायचा. बाजाराच्या दिवशी ती बसनं बालाघाटला यायची, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. दारातूनच ओरडायची, "माही सून कुठं हाये?" मी तीन वर्षांची होते तेव्हापासून ओरडत होती. मी धावत जायची. आत्या मला फार आवडायची. सून म्हणजे काय हे कळेपर्यंत मला तो लाडाचा शब्द वाटत होता.

आमच्या लोकांत भावाच्या मुलीवर पहिला हक्क बहिणीचा. बहिणीला लग्नाजोगा मुलगा असला की भावाची मुलगी त्याचीच, त्यात विचारायचं काही नसतं. बापाला मुलगी दुसरीकडे द्यायची असेल तर त्यानं आधी बहिणीच्या घरी लुगडं घेऊन जायचं. तिनं ते नेसलं तर तिनं हक्क सोडला. घडी न मोडता परत केलं, तर पोरगी तिची सून, मग बाप कलेक्टर का असेना. बाबांना तर ते लुगडं विकत घ्यायचाही विचार सुचला नसता. आत्याला नाही म्हणणं त्यांना जमणारं नव्हतं. ते मला एकदा म्हणाले होते, "सुलू, माहा जीव तिनं वाचवला. तिनं मागतलं तं मी चामडं काढून देईन." आणि दौलत वाईट मुलगा असता तर मला भांडता तरी आलं असतं. तो सरळ, कष्टाळू, थट्टेखोर. त्याच्यात खोट काढायला जागाच नव्हती.

नागपूरच्या माझ्या एका प्राध्यापक बाईंनी कळवलं, की इथिओपियाच्या सरकारला गणिताचे आणि शास्त्राचे शिक्षक हवेत, दिल्लीत मुलाखती आहेत, बाईमाणूस चालेल. मी अर्ज केला. खरं सांगते, निवड होईल असं मला वाटलं नव्हतं. बाबा माझ्याबरोबर दिल्लीला आले ते मला दिल्ली दाखवायला म्हणून. निवड झाली. आईनं नकाशात तो देश बघितला आणि विचारलं, "तिथं तांदूळ भेटते काय?" बाबा दोन दिवस तो नकाशा उघडून बसले. तिसऱ्या दिवशी डेपोतून आले ते कागदात गुंडाळलेलं जांभळं, काठाचं लुगडं घेऊन. ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं नाही, आईसमोर ठेवलं. म्हणाले, "आक्काले कोण सांगन?" आई म्हणाली, "तुम्हीच. दुसरं कोण?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अन् सुलूही जाईन. जे मागते त्यानं तोंड लपवू नाही."

हट्ट्याला गेलो ते धान कापून खळ्यावर आलं होतं तेव्हा. बस फाट्यावर सोडायची, तिथून बावलीच्या, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीच्या, वाटेनं चालत जायचं. बाबा वाटभर काय बोलायचं ते पुटपुटत होते, मला ऐकू येत होतं. आत्या ओसरीवर बसली होती. बाबांनी लुगडं पाटावर ठेवलं. तिनं पाहिलं, हात लावला नाही. चेहरा उतरला, पण आवाज शाबूत होता.

"कोण्या गावचे हायेत?" तिनं विचारलं.

"कोण, आक्का?"

"पोट्टीले मागून राह्यले ते."

"कोणी मागून नाही राह्यलं."

"मंग लुगडं कायचं आणलं?"

बाबांनी सगळं सांगितलं. शाळा, तिथला राजा, तीन वर्षांचा करार, विमान. आत्या ऐकत होती. विमानाचं तिला काही वाटलं नाही. "लग्न करून जाते?" तिनं विचारलं. बाबा म्हणाले, नाही. "जाऊन करीन?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माहीत नाही, आत्या. करीन, नाहीतं नाही करीन."

आत्या बाबांकडे वळली. "नारायण, तू साहेबाच्या हापिसात लिहिते-वाचते ना? इतलं समजत नाही तुले? पोट्टी दुसऱ्याच्या घरी दिली तं माहा हक्क सुटते. तू तं कोणाच्याच घरी देऊन नाही राह्यला. मंग मी हक्क सोडू कोणासाठी?"

डेपोतल्या सागवानाचा एकेक लठ्ठा तोंडपाठ असलेले माझे बाबा पाटावरच्या लुगड्याची घडी सारखी करू लागले. चूक आमचीच होती. रीत होती ती एका घरातून दुसऱ्या घरी जाणाऱ्या मुलीची. कोणाच्याच घरी न जाणाऱ्या मुलीसाठी लुगडं नेण्याचा प्रकार आजपर्यंत कोणी केला नव्हता, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं ते घेऊन तिच्या ओसरीवर बसलो होतो.

"माह्यासाठी सोड," मी म्हटलं.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. "तू गप बस," ती म्हणाली, पण नेहमीसारखं नाही म्हणाली. मग उठली. वारा सुटला होता. आमच्याकडे वारा सुटला की भांडण जागच्या जागी ठेवून धान उफणायला जातात, कारण भांडण थांबतं, वारा थांबत नाही. ती तिवईवर चढली, मी खालून सूप भरभरून देऊ लागले, ती वरून धान सोडू लागली. भुसा उडून माझ्या केसांत बसत होता. बाबा लुगड्याजवळ ओसरीवरच बसून राहिले होते.

सात-आठ सुपं रिकामी झाली. मग वरूनच म्हणाली, "तिथं रांधून कोण देईन तुले?"

"मीच रांधीन."

"बिमार पडशीन तं?"

"पडीन. मंग उठीन."

"अन् इथं काय अडते वो तुले? मी सासुरवास करीन असं वाटते काय?"

हे तिनं विचारलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "नाही, आत्या. तू तं मले फुलावानी ठेवशीन. पण इथं मी कोणाची तरी असतो. बाबाची पोरगी, तुही सून, दौलतची बायको. यात वाईट काहीच नाही. पण एकडाव मले पाहू दे ना, यातलं काहीच नसलं तं मी कोण हाओ. नाही जमलं तं वापस येईन. तुह्याच दारात येईन."

आत्यानं सूप खाली धरलं, मी भरून दिलं, तिनं ते घेतलं नाही. तिवईवर तशीच उभी राहिली. "दौलतचा बाप मेला तवा मी तुह्याएवढीच होतो," ती म्हणाली. "दीर म्हने, पाट लाव. मी नाही लावला. धानाच्या राखणीले कोणी नव्हतं, मंग मीच माचणीवर जाऊन बसे, डुकरं हाकलाले. सारं गाव म्हने, बिचारी. मी काही बिचारी नव्हतो वो. मले तिथं लय बरं वाटे. कोणी नव्हतं ना. मीच होतो." मग म्हणाली, "हे आजवर कोणाले नाही सांगतलं. नवरा मेल्यावर बरं वाटे म्हनलं तं लोक शेण घालतीन तोंडात." आणि माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं.

तेवढ्यात दौलत पोती घेऊन आला. आत्यानं त्याला तिथूनच विचारलं, "काय बे, तुही बायको परदेशी चालली म्हणते. तुले काय म्हनाचं हाये?" दौलतनं पोती खाली टाकली, घाम पुसला. म्हणाला, "खरं सांगू काय, माय? मले हिचा धाक वाटते. लहानपणी हिनं मले पाढे म्हणाले लावले होते, अजून सतराचा येत नाही. इथं राह्यली तं रोज विचारीन." मी हसले, आत्याही हसली. मग तो हसणं सोडून म्हणाला, "जाऊ दे तिले. जिचं मन नाही तिले घरात बसवून मी काय करू? तोंड तिचं पडन, अन् बोलणं मले बसन." एवढं बोलून तो पोत्याचं तोंड बांधायला बसला. पुढे त्यानं बैहरकडची बायको केली, मुलं-नातवंडं झाली. मी आले की अजूनही तो भेटायला येतो आणि पहिलंच विचारतो, "मास्तरीणबाई, आज कोणता पाढा?"

धान उफणून झालं, बाबाही उठून दौलतला पोती उचलू लागले. आत्या घरात गेली. आम्हाला वाटलं, स्वैपाकाला गेली. बाहेर आली ती ते जांभळं लुगडं नेसून. बाबांनी बघितलं आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघत होते. आत्या म्हणाली, "नेसलो मी, अन् रडून तू राह्यला. उठ. पण एक सांगून ठेवतो. चोरावानी नाही जायची ही. पोट्टी घरातून निघते तं ओटी भरून निघते. पाठवणी होईन, अन् मी करीन."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायचा मी अनेकदा प्रयत्न केला. आनंद झाला, हे खरं. पण त्याहून जास्त, मला तिला सोडून जावंसं वाटेना. इतका वेळ ती आडवी उभी होती तोवर जायची घाई होती, आणि तिनं वाट दिली तर पाय जड झाले. परतताना बसमध्ये मी बाबांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "मंग तं गेलंच पायजे. आता नाही गेली तं आक्का लुगडं सोडन अन् तुह्याच अंगावर फेकन."

निघायच्या दिवशी आत्या सकाळच्या बसनं आली, तेच लुगडं नेसून, पदरात हट्ट्याचे तांदूळ. आईनं पाट मांडला होता. मोहल्ल्यातल्या बायका जमल्या होत्या, काही प्रेमानं, काही नवरा नसलेली पाठवणी बघायला. आई कुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाली, तर आत्या तिच्याही पुढे आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. विधवेनं ओटी भरायची नसते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आई चाचरत म्हणाली, "आक्काबाई, तुम्ही..." आणि थांबली.

"काहून?" आत्या म्हणाली. "ही नवरी हाये काय?"

"नाही."

"मंग नवरीचा कायदा हिले कायले लावता?"

तिनं माझ्या ओटीत तांदूळ घातले, खोबऱ्याची वाटी घातली, बोटावर कुंकू घेऊन माझ्या कपाळाला लावलं. नवरा गेल्यापासून तिनं कोणाची ओटी भरली नव्हती, माझ्या बारशालाही ती भिंतीला टेकून उभी होती असं आई सांगायची. मला वाटतं त्या दिवशी माझ्याइतकीच तीही खूश होती. मी वाकून नमस्कार केला तर तिनं कानाशी येऊन विचारलं, "तिथं धान होते काय?" मी म्हटलं, नाही. "मंग लावून पाह्य, होते का," ती म्हणाली.

स्टेशनवर आम्ही चालतच गेलो. गोंदियाची छोटी गाडी, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई, पुढे विमान. मला भीती वाटत होती का? वाटत होती. सकाळचा आयता तसाच ताटात राहिला होता. पण त्या भीतीत दुःख नव्हतं. उद्या सकाळी काय होईल हे मला ठाऊक नव्हतं, आणि असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, आणि ते मला आवडत होतं. बाबांनी ट्रंक चढवली. आई खिडकीतून डबा देत होती आणि कोणतं आधी खायचं ते दोन-दोनदा सांगत होती. दौलत सतराचा पाढा म्हणून दाखवत होता, चुकीचा.

शुक्लाइन चाची स्टेशनपर्यंत आली होती. एवढे दिवस तिनं आईला विचारून पाहिलं होतं, बाबांना विचारून पाहिलं होतं, समाधान झालं नव्हतं. कुठेतरी एखादा मुलगा असणारच, तिची खात्री होती. गार्डनं झेंडी काढली तेव्हा तिला राहवलं नाही. ती आत्याजवळ सरकली आणि साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अब तो बता दो, जीजी. लड़की आखिर किसके घर दी?"

आत्यानं पदर डोक्यावरून नीट घेतला. चाचीकडे बघितलं, माझ्याकडे बोट केलं, आणि बांधावरून हाक मारायच्या त्या आवाजात, आपल्या हिंदीत म्हणाली, "उसकेच घर दी."